ताम्हिणीची वाट पाहावी शेतकऱ्याच्या डोळ्यांनी



शेतकऱ्याच्या घरात एक गोष्ट हमखास राहून जाते. ती म्हणजे सगळ्यांनी मिळून एक दिवस कुठेतरी जाणे. देवाला जाणे होते, लग्नकार्याला जाणे होते, दवाखान्याला तर जावेच लागते. पण "चला, आज नुसता डोंगर बघून येऊ," असे म्हणणारा कारभारी गावात शोधून सापडायचा नाही. म्हटलेच कुणी, तर घरातली म्हातारी माणसे म्हणतील, "डोंगरात बघायचं काय? दगड आणि झाडं!"

आणि तिकडे आपलीच मुले काय करतात? आता खेड्यापाड्यांतली मुलेही शिकून परदेशी गेली. कुणाचा पुतण्या जर्मनीत आहे, कुणाचे लेक-जावई अमेरिकेत. सुट्टीचा दिवस आला की ती गाडी काढतात, डबा बांधून घेतात आणि दिवसभर डोंगरातून हिंडून येतात. संध्याकाळी मोबाईलवर फोटो येतात. हिरवीगार कुरणे, चरणाऱ्या गाई, खाली निळे तळे. आपण सगळे मिळून ते फोटो बघतो आणि म्हणतो, "काय देश आहे!"

पण ती कुरणे काही आपोआप हिरवी राहिलेली नाहीत, बरे का. स्वित्झर्लंडचेच घ्या. तिथला डोंगरी शेतकरी उन्हाळ्यात गुरे वर नेतो. उभ्या उतारावरचे गवत कापतो आणि हिवाळ्यासाठी वाळवून ठेवतो. त्याने हे काम सोडले, तर काही वर्षांत कुरणावर झुडपे माजतात आणि देखावा जातो. म्हणून तिथले सरकार डोंगर-उतार राखणाऱ्या शेतकऱ्याला त्या कामाबद्दल पैसे देते. २०१४ साली तर देखावा राखण्याबद्दल म्हणून वेगळी रक्कमही सुरू झाली. म्हणजे आपण ज्याला निसर्गाची शोभा म्हणतो, त्यात शेतकऱ्याच्या घामाचा मोठा वाटा असतो, हे त्या देशाने हिशेबात धरले.

आता सांगा, आपल्या सह्याद्रीची शोभा कुणी राखली? तिची किंमत कुणी मोजली? याचे उत्तर रस्त्यावरच बघायला मिळते. पुण्याहून पौड, मुळशी करत ताम्हिणी घाटाने कोकणात उतरणारा एक रस्ता आहे. एका दिवसात जाऊन येण्यासारखा आहे. शनिवार-रविवारी शहरातल्या गाड्यांची त्यावर रांग लागते. कृषी खात्याच्या नोकरीत या वाटेने माझे पुष्कळदा जाणे झाले. म्हणून म्हणतो, शेतकऱ्याच्या घरानेही एकदा या वाटेने जावे. मात्र बघावे ते शेतकऱ्याच्या डोळ्यांनी.

केव्हा जावे, कसे जावे

ऐन आषाढ-श्रावणात या घाटात हौसेने जाऊ नये, हे आधीच स्पष्ट सांगतो. २५ जुलै २०२४ रोजी ताम्हिणीला २४ तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. दौंड-इंदापूरकडच्या वाचकांनी हा आकडा आपल्याकडच्या पावसाशी ताडून पाहावा. तुमच्याकडे अख्ख्या वर्षात एवढा पडला, तर तुम्ही देवापुढे नारळ फोडता. तेवढा पाऊस इथे एका दिवसात कोसळतो. अशा दिवशी दरड येते, धुक्यात पुढचे वळण दिसत नाही आणि ओढ्याचे पाणी बघता बघता गुडघ्यावरून छातीवर येते. धबधब्याखाली उभे राहण्याच्या नादात दरवर्षी सह्याद्रीत तरणीताठी पोरे जातात. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन पर्यटनाच्या जागा बंद करते, ते उगीच नाही.

चांगला काळ म्हणजे दसऱ्याच्या मागेपुढे. पाऊस ओसरलेला असतो, ओढे अजून वाहत असतात, भात निसवून पिवळे पडू लागलेले असते. कापणीच्या आधी चार दिवस थोडी उसंतही असते. आपल्याकडे वाहन नसेल तर दोन-तीन घरांनी मिळून जीप करावी. एस. टी. ने जायचे तर गाड्यांच्या वेळा आगारात विचारून घ्याव्यात. मांडवाच्या घाईत निघाल्यासारखे दहा वाजता निघू नका, पहाटे निघा. घाट उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करू नये. ज्या गिअरमध्ये गाडी चढते, त्याच गिअरमध्ये उतरवावी. अंधार पडायच्या आत घाट चढून वर यावे.

बरोबर काय घ्यावे हे घरच्या माउलीला मी काय सांगणार? भाकरी, ठेचा, कांदा आणि घरचे पाणी. माकडांना काही खायला घालू नका, ती मग रस्त्यावर येतात आणि गाडीखाली सापडतात. कागद-पिशव्या परत घरी आणा. आणि कारभाऱ्यांनो, एक विनंती. गाडीत खिडकीची जागा घरातल्या बाईला द्या. ती एरवी मूल मांडीवर घेऊन मधेच बसलेली असते.

पाऊस कुठून कुठे जातो

चांदणी चौक सोडला की बावधन, भूगाव, भुकूम लागते. पूर्वी इथे शेती होती. आता इमारती, मंगल कार्यालये आणि दुकाने. छोटासा घाट ओलांडून पिरंगुटला आलो की कारखान्यांची रांग. पुढे पौड, मुळशी तालुक्याचे ठाणे. इथून पुढे खरा मावळ डोळ्यांत भरू लागतो.

मुलांना गाडीत एक काम द्या. पुण्यापासून कोणते पीक कुठे सुरू होते आणि कुठे संपते, ते वहीत लिहायला सांगा. पुणे शहराला वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जसजसे पश्चिमेला जाल, तसतसा तो वाढत जातो आणि घाटमाथ्यावर काही हजार मिलिमीटर होतो. हे सगळे साठ-सत्तर किलोमीटरच्या आत! कारण साधे आहे. अरबी समुद्रावरून येणारे ओले वारे सह्याद्रीच्या भिंतीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिकामे होतात. डोंगर उतरून पूर्वेला येतात तेव्हा त्यांच्या झोळीत फारसे उरलेले नसते. म्हणून पुण्याच्या पूर्वेला बाजरी-ज्वारी आणि पौडच्या पुढे भात. शाळेच्या भूगोलात पर्जन्यछाया म्हणतात ती हीच. पुस्तकात पाठ होत नाही, ती जीपमधून तासाभरात समजते.

पौडच्या पुढे गाडी जरा बाजूला घेऊन भाताची खाचरे नीट बघा. डोंगराच्या पायापासून ओढ्यापर्यंत पायऱ्या-पायऱ्यांनी ती उतरत आलेली असतात. प्रत्येक खाचराला बांध, प्रत्येक बांधाला पाणी सोडायची वाट. वरच्याचे पाणी खालच्याला, खालच्याचे त्याच्याही खालच्याला. शेवटी ओढ्यात जाते ते पाणी गाळ टाकून स्वच्छ होऊन जाते. हे बांध पिढ्यान्‌पिढ्या घरच्या माणसांनी घातले आणि दरवर्षी डागडुजी करून टिकवले. एक वर्ष बांध फुटका ठेवा, पुढच्या पावसात वीतभर माती ओढ्याला गेलीच म्हणून समजा. पर्यटक ज्या हिरव्या पायऱ्यांचा फोटो काढतो, त्या पायऱ्या म्हणजे मृद्‌संधारण आहे.

इथल्या भाताचीही गोष्ट ऐका. मावळ-मुळशीचा आंबेमोहोर तुम्ही खाल्ला नसेल, तर नाव ऐकले असेलच. शिजताना घरभर आंब्याच्या मोहोराचा वास सुटतो. या तांदळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण आंबेमोहोर उंच वाढतो, लोळतो, उतारा कमी देतो. म्हणून वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून नवा वाण तयार केला. तो १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आला. तोच आपला इंद्रायणी. आज पुणेकरांच्या घरात मऊ भात म्हटला की इंद्रायणीच आठवतो.

बांधावर गिरिपुष्प लावलेले दिसले, तर तिथे थांबून शेतकऱ्याशी बोला. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री लागवडीत या पाल्याला मोठे स्थान आहे. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख, चिखलणीत गिरिपुष्पाचा पाला, दोन-चार रोपांची नियंत्रित लावणी आणि चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची एक गोळी खोचणे, अशी ती चार सूत्रे. गोळी चिखलात खोल बसते, म्हणून मुसळधार पावसातही खत वाहून जात नाही. एवढा पाऊस पडणाऱ्या मुलखात खत वाचवणे म्हणजे पैसा वाचवणे.

तळ्याखाली झोपलेली गावे

पुढे मुळशीचे धरण येते आणि मग कितीतरी वेळ त्याचे पाणी रस्त्याला सोबत करते. निळे पाणी, त्यात उतरलेले डोंगराचे सुळके, मधेच बेटासारखी टेकडी. शहरातले लोक इथे गाडी थांबवून फोटो काढतात. तुम्हीही काढा. पण त्याआधी दोन मिनिटे पाण्याकडे हात जोडून उभे राहा. कारण या पाण्याखाली शेती आहे. शेताबरोबर गावे आहेत, देवळे आहेत, चुली आहेत. उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेले की कुठे कुठे जुनी जोती उघडी पडतात.

शंभर वर्षांपूर्वीची ही हकीकत. मुंबईच्या गिरण्यांना, आगगाड्यांना वीज हवी होती. टाटांच्या कंपनीने मुळा नदी इथे अडवून तिचे पाणी पश्चिमेला कोकणात सोडायचे आणि त्या धारेवर वीज करायची, असे ठरवले. जमीन सरकारने कायद्याने घेऊन द्यायची. ५२ गावांवर संकट आले असे सांगितले जाते. ओलिताची, पिढीजात कसलेली भाताची खाचरे होती ती. मावळ्यांना कुणी विचारलेच नाही.

मग १९२१ साली १६ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, मावळे उठले. धरणाच्या कामावर जाऊन बसले. "जान किंवा जमीन" ही त्यांची घोषणा होती. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट या लढ्याचे पुढारी झाले आणि लोकांनी त्यांना सेनापती म्हटले. सेनापती बापट हे नाव त्यांना मुळशीने दिलेले आहे. बायकाही मागे राहिल्या नाहीत, त्यांनीही तुरुंगवास सोसला. तीन वर्षांहून अधिक काळ लढा चालला. शेवटी तो मोडला, बापटांना मोठी शिक्षा झाली आणि १९२७ साली धरण भरले. धरणाविरुद्ध उभ्या राहिलेल्या जगातल्या अगदी पहिल्या लढ्यांत मुळशीची गणना होते. प्रा. राजेंद्र व्होरा यांनी यावर सबंध पुस्तक लिहिले आहे. गावच्या वाचनालयात मिळाले तर जरूर वाचा.

या लढ्यातली एक गोष्ट आज प्रत्येक शेतकऱ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. जमीन कसत होते मावळे, पण त्यांतल्या पुष्कळ जमिनी कर्जापायी सावकारांच्या नावावर गेल्या होत्या. कसणाऱ्याला जमीन हवी होती. नुसत्या नावाच्या मालकाला मोबदला चालणार होता. कागद ज्याच्या नावाचा, रक्कम त्याची. लढ्यात फूट पडली ती इथे. घाम एकाचा आणि सातबारा दुसऱ्याचा असला की संकटाच्या दिवशी काय होते, ते या तळ्याकाठी उभे राहून समजते.

तेव्हापासून कायदा बदलला आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे खासगी कंपनीसाठी सरकारला जमीन घ्यायची असेल, तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्के कुटुंबांची आधी संमती लागते. १९२१ साली ही तरतूद असती, तर मुळशीच्या मावळ्याला निदान विचारावे तरी लागले असते. मुलांना हे जरूर सांगा. आपले हक्क कुणाच्या तरी जमिनी बुडाल्यावर, कुणीतरी तुरुंगात गेल्यावर मिळालेले आहेत.

देवाच्या नावाने राखलेले रान

तळे मागे पडले की झाडी दाट होते. निवे, मग ताम्हिणी गाव. इथे विंझाई देवीचे स्थान आहे. आत जाऊन नमस्कार करा आणि या भागात कुठे देवराई दिसली तर थोडा वेळ सावलीत बसा. मुळशी तालुक्यात अशा देवराया पुष्कळ आहेत. देवाचे रान म्हणून तिथली काडीही कुणी तोडायची नाही, हा जुना दंडक. आंबा, जांभूळ, हिरडा यांची जुनी धूडच्या धूड झाडे, त्यांवर मनगटाएवढ्या वेली. नशीब असेल तर शेकरूचे दर्शन होईल. झुपकेदार शेपटीची, तांबूस रंगाची ही मोठी खार आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे.

१९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल जगापुढे मांडले. पण म्हाताऱ्या माणसांना ते आधीपासून ठाऊक होते. देवराईच्या पायथ्याशी पुष्कळदा झरा असतो. पानांचा थर पाऊस झेलतो, मुळे तो जमिनीत मुरवतात आणि उन्हाळ्यात तेच पाणी थेंबाथेंबाने बाहेर येते.

याच्या उलट उघडा डोंगर बघा. सह्याद्रीचा दगड काळा, कठीण, लाव्हाचा. त्यात पाणी फारसे मुरत नाही. झाडी गेली की पाऊस कपाळावरून पाणी ओघळावे तसा निघून जातो. म्हणून एवढ्या पावसाच्या मुलखातही फाल्गुन-चैत्रात डोंगरावरच्या वाड्यांतल्या बाया हंडे घेऊन लांब जाताना दिसतात. जिथे पावसाळ्यात छत्री टिकत नाही, तिथे उन्हाळ्यात घागर भरत नाही. पाऊस किती पडला यापेक्षा किती मुरला याला महत्त्व आहे, हे आम्ही शेतकरी मेळाव्यात घसा कोरडा होईपर्यंत सांगतो. इथे डोंगरच ते सांगतो.

ताम्हिणीचे रान २०१३ साली अभयारण्य झाले. अभयारण्यात शिरण्याचे नियम वन खात्याचे असतात. ते पाळा आणि ठरलेल्या वाटेबाहेर जाऊ नका.

एका थेंबाच्या दोन वाटा

ताम्हिणीच्या पुढे रस्ता घाटात शिरतो. सुरक्षित, मोकळी जागा बघून गाडी उभी करा. वळणावर नको. पुढे कोकणाची खोल दरी, मागे देश. इथे उभे राहून मुलांना विचारा, "या डोंगरावर पडलेला थेंब कुठे जाईल?"

पूर्वेच्या उतारावर पडला, तर तो मुळा नदीत जाणार. मुळा पुण्यात मुठेला भेटते, मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, भीमेचे पाणी उजनी धरणात थांबते. तिथून सोलापूर जिल्ह्यातल्या उसाला, डाळिंबाला. उरलेले पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला. समुद्र इथून पश्चिमेला हाकेच्या अंतरावर, पण थेंब निघाला पूर्वेच्या समुद्राला, सगळा देश ओलांडून! पश्चिमेच्या कड्यावर पडला, तर तासा-दोन तासांत कोकणात.

पण मुळशीच्या तळ्यातल्या पाण्याचे तसे नाही. ते जन्माने पूर्वेचे, पण माणसाने त्याला पश्चिमेला वळवले. तळ्यातून बोगद्याने आणि मोठमोठ्या नळांतून ते कड्याखाली रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला पाचशे मीटरच्या आसपास खाली कोसळते. तिथे १९२७ पासून वीज तयार होते. यंत्रातून सुटलेले पाणी कुंडलिका नदीत येते. पुढे कोलाडजवळ डोलवहाळच्या बंधाऱ्यावर ते अडवून कालव्यांनी शेतीला दिले जाते. म्हणून कोकणात पावसाळा संपल्यावर माळरान सुकलेले असताना त्या पट्ट्यात उन्हाळी भाताचे हिरवे तुकडे दिसतात. कोलाडला लोक रबरी होड्यांतून उसळत्या पाण्यात उतरतात, तो खेळही याच पाण्यावर चालतो. भिऱ्याहून पाणी सुटले की होडी चालते, नाही सुटले की नदी निवांत.

तेव्हा बघा, एकाच पाण्याचे किती धनी. मुंबईचा दिवा, रोह्याचा भात, कोलाडची होडी. आणि पूर्वेकडचा शेतकरी म्हणतो, "हे पाणी मुळात आमच्या भीमेचे, ते आम्हाला परत द्या." ही मागणी पुष्कळ वर्षांची आहे. तिकडे कोकणातला शेतकरी म्हणतो, "आमच्या तीन पिढ्या या पाण्यावर उभ्या राहिल्या, त्यांचे काय?" दोघेही शेतकरीच. निवाडा करण्याची ही जागा नव्हे. पण पाण्यावर बोलणाऱ्या प्रत्येकाने एकदा या कड्यावर उभे राहावे. आपल्या पाटाला येणारे पाणी कुणाच्या बुडालेल्या शेतावरून येते, हे ज्याला माहीत आहे, तो निदान ते उशाला पाट फोडून वाया घालवणार नाही.

घाट उतरलात की विळे लागते. डावीकडे निजामपूर-माणगाव, उजवीकडे कोलाड. तिथे कुठेतरी झाडाखाली भाकरी सोडा, कोकणातली आमसुले घ्या आणि दुपार कलायच्या आत परत फिरा.

देखाव्याचा भाव

परतीच्या वाटेवर पाट्यांकडे लक्ष द्या. येताना डोंगर बघितला, जाताना पाट्या बघा. "तळ्याचा देखावा", "डोंगराच्या कुशीत बंगला", "फार्म हाऊससाठी प्लॉट". भाताच्या खाचरांभोवती तारेचे कुंपण आणि आत मोकळे गवत. कुठे डोंगराची कड खणून सपाट केलेली, कुठे ओढ्याच्या वाटेवर भराव.

इथे भाताला भाव नसला, तरी देखाव्याला आहे. फरक एवढाच की भात दरवर्षी विकता येतो, देखावा एकदाच. एकदा खरेदीखत झाले की ज्याने बांध घातले, त्याच्याच नातवाला त्या बांधावर पहारेकरी म्हणून उभे राहावे लागते. २०१८ साली ‘मुळशी पॅटर्न’ हा सिनेमा आला. जमीन विकलेल्या घरातल्या पोरांचे काय होते, ते त्यात दाखवले आहे. पुष्कळांनी तो मारामारीसाठी बघितला. बापाच्या चेहऱ्यासाठी बघायला हवा होता.

जमीन विकूच नये, असे उपदेश करायला मी बसलेलो नाही. दुखणे, कर्ज, मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, प्रत्येकाची अडचण प्रत्येकाला ठाऊक. पण विकण्याआधी चार गोष्टी जरूर करा.

पहिली, सातबारा, आठ-अ आणि फेरफार काढून घरात सर्वांसमोर मोठ्याने वाचा. कुणाचे नाव आहे, कुणाचे राहिले आहे, कुणाचा बोजा आहे, ते घरातल्या प्रत्येकाला कळू द्या. हद्दीची शंका असेल तर सरकारी मोजणी करून घ्या.

दुसरी, लेकींना विचारा. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आला. "सही कर, बाई" म्हणून सहीपुरते बोलावू नका, सल्ल्याला बोलावा. जमीन राखण्याचा विचार पुष्कळदा घरातल्या बायकाच आधी करतात.

तिसरी, जमीन न विकता देखावा विकता येतो का, ते बघा. राज्य सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण आणले. शेतकऱ्याला नोंदणी करून शेतावर पाहुणे ठेवता येतात. घरचा इंद्रायणी भात, पिठले-भाकरी, भात लावणीचा एक दिवस. शहरी माणूस यासाठी पैसे मोजतो. यात कष्ट आहेत, पाहुण्याचा मान राखावा लागतो, संडास-मोरी स्वच्छ लागते. पण सातबारा आपल्याच नावावर राहतो. शेजारच्याचे बघून कर्ज काढून खोल्या बांधू नका. घरातल्या एका खोलीपासून सुरुवात करा.

चौथी गोष्ट साऱ्या गावाची आहे. डोंगराचा पाय खणू देऊ नका, ओढ्याची वाट बुजवू देऊ नका. आपल्याच जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खचून गाडले गेले. दीडशेच्या वर माणसे गेली. उतारावर पाण्याची जुनी वाट मोडली की पाणी स्वतःची नवी वाट काढते, आणि ती कुणाच्या घरावरून जाईल हे ते विचारत नाही. उतारावर यंत्र लागलेले दिसले, तर ग्रामसभेत बोला, तलाठ्याला कळवा. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.

घरी आल्यावर

येताना पौडच्या आसपास कुणा शेतकऱ्याकडून थेट पाच-दहा किलो इंद्रायणी घ्या. घासाघीस करू नका. तुमच्या ज्वारीची कुणी अशी घासाघीस केली तर तुम्हाला कसे वाटते, ते आठवा.

आणि दुसऱ्या दिवशी मुलांची वही उघडून बसा. पीक कुठे बदलले, झाडी कुठे संपली, पाणी कुठून कुठे गेले. मग त्यांना घेऊन आपल्याच गावच्या सर्वांत उंच जागी जा. सगळ्या गावांना सह्याद्री नसतो, पण माळ असतो, टेकाड असते, निदान बांध तरी असतो. आपल्या शिवारात पडलेला थेंब कुठे जातो, कुठे थांबतो, कुणाची माती घेऊन जातो, ते मुलांना दाखवा. कुठला बांध फुटला आहे, कुठे झाड लावायला हवे, ते त्यांनाच सांगू द्या. पुढच्या मृगाच्या आत त्यातले एक काम जरी झाले, तरी जीपचे भाडे वसूल झाले असे मी म्हणेन.